खिशातला नकार

शनिवार, १७ नोव्हेंबर २००७
आजपासून रोजनिशी. नियमित. थोडक्यात. कोणाला दाखवायची नाही.

मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव यांचा फोन. जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमात माझं व्याख्यान नक्की. दीड तास. विषय मीच सुचवला: 'अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटचे नेते: संबंध आणि डावपेच.' पद्माकररावांनी विषय दोनदा विचारून घेतला. विषयाचं वजन जाणवलं असावं. मग म्हणाले, काही हलकंफुलकं नाही का? मी म्हणालो, हे हलकंफुलकंच आहे, फक्त समजून घ्यावं लागतं.

सिंगापुरातल्या मराठी माणसांत या विषयावर अधिकाराने बोलणारा दुसरा कोणी नाही. हे गर्वाने लिहीत नाही. बाकीच्यांना इच्छाच नाही.

संध्याकाळी स्मितानेही एक विषय काढला. तिच्या बँकेचं पुण्यात नवं ऑफिस उघडतंय. अकाउंट्सची प्रमुख म्हणून तिला विचारलंय. अवनीची सहावीची परीक्षा झाली, सेकंडरी सुरू व्हायच्या आधी हललं तर पोरीचं नुकसान नाही, आई तिकडे एकटी आहे, वगैरे. ३१ डिसेंबरपर्यंत कळवायचंय. तू येशील का, नाही आलास तर काय, की जाऊच नको, तुझं काय ते सांग, म्हणाली.

म्हणालो, बघू.

संकल्प: रोज सकाळी सिनेटवरच्या पुस्तकातलं एक प्रकरण. चहात साखर नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर
प्रकरण झालं नाही. पुस्तक जाड आहे, आडवं पडून वाचता येत नाही.

सकाळी सीएनएन. वॉशिंग्टनमध्ये गंमत चालली आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सिनेट बंद असायला हवं. पण बहुमताच्या नेत्याने ते बंदच केलं नाही. सभागृह रिकामं. एकच सिनेटर येतो, हातोडा आपटतो, सेशन सुरू म्हणतो, सेशन संपलं म्हणतो, निघून जातो. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. कागदोपत्री सिनेट चालू. का, तर सुट्टीचा फायदा घेऊन राष्ट्राध्यक्षांनी परस्पर नेमणुका करू नयेत. एवढी मोठी माणसं आणि असा पोरखेळ. हसता हसता ठसका लागला. व्याख्यानात हे सांगायचंच. हशा हमखास.

स्मिता चपला घालता घालता म्हणाली, काही ठरलं? म्हणालो, बघू. गेली.

चहात एक चमचा घेतला. ठसक्यामुळे.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर
स्मिता, दारात: काही ठरलं? मी: बघू.

अवनीचा निकाल चांगला लागला म्हणे. पेढे आणायला हवे होते. ऑफिसातून येताना लिटिल इंडियाला जायचं ठरवलं होतं. पण ऑफिस तांपिनीसला, तिथून एक स्टेशन की पासिर रिस, आपलं घर. लिटिल इंडिया अगदी उलट्या दिशेला. रविवारी आणू.

रविवार, २ डिसेंबर
पेढे राहिले. पण फार महत्त्वाचा दिवस. पुस्तकात सापडलं: पॉकेट व्हेटो!

काय बुद्धी आहे. सिनेट आणि खालचं सभागृह मिळून बिल पास करतात आणि राष्ट्राध्यक्षांकडे पाठवतात. राष्ट्राध्यक्षांना नको असेल तर ते नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतात. पण मग कारणं द्या, वाद घाला, दुसऱ्या दिवशी पेपरात टीका. त्यापेक्षा बिल नुसतं खिशात ठेवायचं. 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'ही म्हणायचं नाही. दहा दिवसांत सभागृहं सुट्टीवर गेली की बिल आपोआप मेलं. कोणाशी भांडण नाही, काही नाही.

पुढे एक परिच्छेद आहे, सभागृहं चालू असतील तर सही न करता काय होतं याबद्दल. तांत्रिक आहे. श्रोत्यांना कंटाळा येईल. गाळायचा.

स्मिताच्या प्रस्तावाबाबत माझं धोरण आपोआपच असं होतं, हे लक्षात आलं. मोठ्या माणसांसारखं डोकं चालतं कधीकधी. मला पुण्याला जायचं नाही. का नाही, हे नीट सांगता येत नाही. तिथे आता माझं कोणी नाही, इथेही कोणी नाही, पण इथे एसी आहे. हे बोलून दाखवलं तर चर्चा सुरू होईल. डिसेंबर संपू दे.

बुधवार, ५ डिसेंबर
प्रबोधला धोरण सांगितलं. प्रबोध म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र, जुरोंग आयलंडला रिफायनरीत इंजिनिअर, रोज कंपनीच्या बसने बेटाच्या गेटपर्यंत झोपत जातो. बसमधूनच बोलला. म्हणाला, अरे मूग गिळून काय बसतोस, सरळ सांग की जाऊ नको. नाहीतर जा की तिच्याबरोबर. मी म्हणालो, राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या नेत्यांशी सरळ बोलत नसतात, सूचित करतात. तो म्हणाला, ती सिनेटची नेता नाही रे, स्मिता आहे. राजकारणाची जाण नाही त्याला. आयुष्य पाइपलाइनींत गेलं.

मग त्याला सिनेटच्या अर्ध्या मिनिटाच्या सेशनचं सांगितलं. हसला नाही. गेट आलं म्हणाला, पास दाखवायचाय.

रविवार, ९ डिसेंबर
राष्ट्राध्यक्ष दोन्ही बाजूंच्या नेत्यांना न्याहारीला बोलावतात. मधूनमधून करावं लागतं ते. म्हणून आज स्मिता आणि अवनीला घेऊन हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर प्राटा, म्हणजे इथला पराठा, खायला. बहुमत आणि अल्पमत एका टेबलावर. माझ्या मनात होतं की वातावरण सैल झालं की स्मिताच बोलेल आणि मी ऐकून घेईन. ऐकून घेणं हे नेतृत्वाचं मर्म आहे. प्रकरण सात.

वातावरण सैल करायला मी व्याख्यानाची प्रस्तावना म्हणून दाखवली. मग पहिला भाग. स्मिता मन लावून ऐकत असावी, कारण एकदाही मध्ये बोलली नाही. तिची कोपी, म्हणजे इथली कॉफी, गार झाली. अवनीने दोन प्राटे खाल्ले, एक साखर लावून. शेवटी स्मिता म्हणाली, निशी, मला तुझ्याशी बोलायचं होतं. मी घड्याळ बघितलं, ऊन चढलं होतं. म्हणालो, घरी जाऊन बोलू. घरी आल्यावर झोप लागली.

बैठक एकंदरीत यशस्वी.

शनिवार, १५ डिसेंबर
कार्यक्रमप्रमुख शुभदाताईंचा फोन. मुलांचे नाच वाढलेत, शिवाय यंदा बोरन्हाणाला सात बाळं आहेत. एवढ्या पोरांवर बोरं-चुरमुरे ओतायचे आणि मग झाडायचे म्हणजे वेळ जाणार. म्हणून व्याख्यान पाऊण तास. मी म्हणालो, विषयाला न्याय मिळणार नाही. त्या म्हणाल्या, नाहीतर पुढच्या वर्षी ठेवू या. पाऊण तासावर तडजोड केली. ताणून धरलं म्हणून पाऊण तास तरी मिळाला.

स्मिताचा प्रश्न चालूच. सकाळी. दारात. मी वर बघत नाही आता, पेपर वाचता वाचता उत्तर देतो. वेळ वाचतो.

शुक्रवार, २१ डिसेंबर
खालच्या मजल्यावरच्या मिसेस तान लिफ्टमध्ये भेटल्या. मुलाची सेकंडरीची पुस्तकं आणि युनिफॉर्म घेऊन येत होत्या. अवनीला कुठली शाळा मिळाली, असं विचारलं. मी म्हणालो, गुड स्कूल. घरी येऊन बघितलं तर अवनीच्या टेबलावर ना पुस्तकं, ना युनिफॉर्म. स्मिता यंदा विसरलेली दिसते. एरवी तिचं असं होत नाही. आठवण करून देणार होतो, पण त्यावरून दुसरा विषय निघाला असता.

शनिवार, २९ डिसेंबर
इतिहास घडतोय आणि मी वेळेवर जागा आहे! राष्ट्राध्यक्षांनी काल संरक्षण खात्याच्या बिलावर पॉकेट व्हेटो केला. स्वतःच्या रँचवर बसून. सुट्टीत. अगदी पुस्तकातल्यासारखं.

पण वाद पेटला. विरोधक म्हणतात, सिनेट सुट्टीवर नाहीच. तो एक सिनेटर येऊन हातोडा आपटतोय ना अधूनमधून! अर्ध्या मिनिटाचं का असेना, सेशन ते सेशन. मग पॉकेट व्हेटो कसला? म्हणजे तो पोरखेळ नव्हताच. बहुमताच्या नेत्याने काय खेळी केली आहे. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, नुसतं रोज येऊन विचारल्यासारखं करायचं आणि निघून जायचं. मानलं.

एक मात्र पटलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी खबरदारी म्हणून ते बिल आपल्या आक्षेपांसह परतही पाठवलं. का नको, ते लिहून! खिशातच ठेवायचं तर कारणं कशाला द्यायची? एवढं घाबरून कसं चालेल? मी नसतं केलं.

दुपारी स्मिता शेजारी येऊन बसली. टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाली, निशी, परवा शेवटचा दिवस. तू नको म्हणालास तर मी नाही जाणार, पण तू म्हण. हो म्हण, नाही म्हण, मी येतो म्हण, पण काहीतरी म्हण.

काहीतरी म्हणायचं मनात आलं होतं. खरंच. मग तिथेच राहिलं. मी म्हणालो, आवाज वाढव, हे महत्त्वाचं आहे.

सोमवार, ३१ डिसेंबर
स्मिता ऑफिसातून आली, पर्स ठेवली, म्हणाली, कळवलं.

काय कळवलं ते मी विचारलं नाही. मी हो म्हणालो नव्हतो. तेव्हा काय कळवलं असणार हे उघड आहे. बिल मेलं. डिसेंबर संपला. एका शब्दाशिवाय, एका भांडणाशिवाय.

आनंद झाला, असं लिहिणार होतो. तसं काही झालं नाही. काहीच झालं नाही. टीव्ही चालू होता, एसी चालू होता. बारापर्यंत जागायचं ठरलं होतं. सगळे लवकर झोपलो.

बुधवार, २ जानेवारी २००८
संकल्प नवे. चालायला जाणे. साखर बंद. व्याख्यान पाठ करणे. स्मिताशी सविस्तर बोलणे (व्याख्यान झाल्यावर).

आज शाळा सुरू झाल्या. अवनी घरीच. ऑफिसला निघताना विचारलं, बरं नाही का? म्हणाली, बाबा, डोन्ट ॲक्ट ब्लर लाह. काही माहीत नसल्यासारखं करू नको, हे इथली पोरं असं म्हणतात. चेहरा पडलेला होता. ताप असावा.

स्मिताने आज काही विचारलं नाही. मी सवयीने बघू म्हणायला तोंड उघडलं होतं. ती लिफ्टपर्यंत पोचली होती.

रविवार, ६ जानेवारी
हॉलमध्ये खोके. बरेच. स्मिता आणि अवनी भांडी पेपरात गुंडाळत होत्या. मी खोक्यांवर पाय ठेवून वाचत बसलो होतो, अवनीने पाय उचलायला सांगितले. उचलले. चिनी नववर्ष जवळ आलंय, सगळ्या ब्लॉकमध्ये आवराआवर चालू आहे. आमच्याकडेही चालू असेल.

असेल असं लिहिलं. दुसरं काय लिहू? खोक्यांवर पुण्याचा पत्ता आहे. वाचता येतो मला.

शुभदाताईंचा फोन. नाच आणखी एक वाढला. व्याख्यान पंधरा मिनिटं. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळांचे फोटो काढायला वेळ लागतो म्हणाल्या. सात बाळांपुढे सिनेटचं काय चालणार? सिनेटच्या इतिहासातून पंधरा मिनिटांत जे बसेल ते निवडायला घेतलं. पॉकेट व्हेटो राहणार. बाकी गेलं तरी चालेल.

रविवार, १३ जानेवारी
चालायला गेलो. पासिर रिसच्या समुद्रापर्यंत. परत बसने. पाय दुखतात.

वाटेत बरोबर अवनी होती. ती सायकलवर, मी चालत. एका ठिकाणी थांबून म्हणाली, बाबा, यू कमिंग ऑर नॉट? मी म्हणालो, तू पुढे जा, मी येतो मागून. म्हणाली, नॉट द पार्क, बाबा. पुणे. मी म्हणालो, अगं हो, बघू. तिने सायकल वळवली. रडत होती की वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, सांगता येत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. पाय जड झाले, एवढंच. चालण्याची सवय राहिली नाही.

शनिवार, १९ जानेवारी
व्याख्यानाचा दिवस.

सकाळी शुभदाताईंचा फोन. उंधियूवाला केटरर साडेआठलाच वाढायला घेणार, तेव्हा व्याख्यान काही बसत नाही. पण मी निराश होऊ नये, आभारप्रदर्शन माझ्याकडे. त्यात दोन मिनिटं विषयाबद्दल बोललं तरी चालेल. कोणाकोणाचे आभार ते सांगितलं. कम्युनिटी क्लब, साउंडवाला, नाच बसवणाऱ्या आया, पोळ्या लाटणाऱ्या सविताताई. आणि शेवटी, म्हणाल्या, इतकी वर्षं मंडळाचे हिशेब तपासणाऱ्या आणि येत्या शुक्रवारी पुण्याला परत जाणाऱ्या स्मिताताई. त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरलंय. तुमच्याच तोंडून आभार मानले तर छान वाटेल, नाही का?

म्हणालो, हो, छान वाटेल.

शुक्रवार. मला वार माहीत नव्हता. मंडळाला माहीत होता.

कार्यक्रम. हॉल भरलेला. बाळं रडली. बोरं सगळीकडे. मी काळा कुर्ता घातला होता. क्लबचे आभार मानले, साउंडवाल्याचे मानले. माइक खरखरत होता. सविताताईंचे मानले, टाळ्या पडल्या. मग स्मिता. पद्माकररावांनी शाल दिली, शुभदाताईंनी ओटी भरली. मी म्हणालो, स्मिताताईंनी मंडळासाठी खूप केलं, त्यांची उणीव भासेल. स्वतःच्या बायकोला ताई म्हणालो. कोणी हसलं नाही. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, नारळ मांडीवर.

दोन मिनिटं माझी होती. सोडायची कशाला? पॉकेट व्हेटो सांगितला. खिशाला हात लावून दाखवला. न बोलता नाही कसं म्हणायचं, किती सभ्य पद्धत आहे, वगैरे. चांगलं रंगत होतं. तेवढ्यात मागून प्रबोध उभा राहिला. म्हणाला, एक शंका. समजा सभागृह सुट्टीवर नाहीये. समजा कोणीतरी रोज येऊन हातोडा आपटतंय. मग खिशातल्या बिलाचं काय होतं?

हा तोच तांत्रिक भाग. मी गाळलेला. पण मला येत होता. माझ्याइतका कोणालाच येत नाही. मी लगेच म्हणालो, मग राष्ट्राध्यक्षांनी सही केली काय, नाही केली काय, दहा दिवसांनी त्या बिलाचा कायदा होतो.

प्रबोध खाली बसला. स्मिता माझ्याकडे बघत होती. मग नारळाकडे बघायला लागली. नारळाची शेंडी सरळ करत होती.

तेवढ्यात पोळ्यांचा वास आला आणि टाळ्या पडल्या. भरपूर. लोक उठलेच.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत आम्ही तिघं एका ओळीत. पद्माकरराव निघताना म्हणाले होते, छान झालं, आटोपशीर. म्हणजे विषय पोचला.

मंगळवार, २२ जानेवारी
सिनेट आज खरंच सुरू होतंय. सुट्टी संपली. घरातले खोके गेले, हॉल मोठा वाटतो. आवाज घुमतो, म्हणून फार बोललो नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी
चांगी विमानतळावर सोडायला गेलो. नवीन टर्मिनल उघडलंय, छान आहे, भिंतीवर झाडं लावली आहेत. ते बघत होतो.

अवनीने मिठी मारली. बराच वेळ. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, सिनेट मंगळवारी सुरू झालं. ती म्हणाली, आय नो, बाबा. माझ्या शर्टात तोंड घालूनच म्हणाली.

स्मिता शेवटी दाराशी थांबली. पासपोर्ट हातात. म्हणाली, काही ठरलं?

इतक्या दिवसांनी विचारलं. आवाज तसाच, राग नाही. मी म्हणालो, पोचल्यावर फोन कर.

काचेपलीकडे गेल्यावर अवनीने हात केला. मीही केला. त्या दिसेनाशा झाल्यावरही हात वर होता. एका गार्डने विचारलं, कॅन आय हेल्प यू, सर? म्हणालो, नो नो, ऑलरेडी ओके.

मंगळवार, २९ जानेवारी
राष्ट्राध्यक्षांनी काल संरक्षण खात्याच्या बिलावर सही केली. तेच बिल, दुरुस्त करून आलेलं. त्यांनी नको म्हटलं होतं, का नको ते लिहून दिलं होतं, सभागृहांनी तेवढं बदललं, यांनी सही केली. बस. एका महिन्यात मिटलं. घाबरट म्हणालो होतो मी त्यांना. वर कुठेतरी लिहिलंय.

घरात आता सुट्टी आहे. कोणी येत नाही, हातोडा आपटत नाही. नियमाप्रमाणे आता माझा पॉकेट व्हेटो चालेल. खिशात काही नाही.

स्मिताचा काल फोन आला होता. अवनीला शाळा आवडली. आई बऱ्या आहेत. तू जेवलास का, म्हणाली. पुण्याचं काही विचारलं नाही.

साखर चालू. पुस्तक कपाटावर ठेवलं. व्याख्यानाचं पुढच्या वर्षी बघणार आहेत.

सकाळी दारात चपला घालताना तोंडातून बघू निघून गेलं. मोठ्याने. कोणी काही विचारलं नव्हतं. मिसेस तान लिफ्ट धरून उभ्या होत्या, म्हणून पळालो. गाडी वेळेवर मिळाली.